धाकट्यांचा पत्ता

छप्पन्न वर्षांच्या माणसाला आमच्या दुकानांची सगळी ओळ ‘धाकटे’ म्हणते, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सुरुवातीला मलाही वाटलं नाही. माझं दुकान त्यांच्या शेजारचंच. टायपिंग, छपाई, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, आणि गेली चार वर्षं छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट करणं. शेजारी ‘बंधू ड्रायक्लीनर्स’. पाटीवर बंधू दोन असले तरी गिऱ्हाइकाला दिसायचा एकच. काउंटरवर थोरले, म्हणजे अख्ख्या ओळीचे दादा. बोलके, हसरे, कुणाच्या कोटाचा कुठला खिसा फाटलाय तेही लक्षात ठेवणारे. आणि मागच्या खोलीत धाकटे.

त्या खोलीला खिडकी नाही. वाफेच्या इस्त्रीची टाकी, वर दांडीला टांगलेले प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कोट, आणि त्या कोटांच्या खाली एक स्टूल. स्टुलावर मान थोडी वाकवूनच बसावं लागतं, नाहीतर कुणाची तरी बाही तोंडावर येते. दुकानातून आत येणाऱ्या दारातून दिवसाचा उजेड चार फरशा आत येतो आणि तिथेच थांबतो. धाकटे पाचव्या फरशीवर बसायचे. डोक्यावर ट्यूबलाइट.

त्यांचं काम रफू करण्याचं. त्यांची आणि माझी ओळख झाली तीही भांडणातूनच. माझ्या नवऱ्याच्या एकुलत्या एक कोटाला निखाऱ्याचं भोक पडलं होतं, चांगलं बोटभर. चार दिवसांनी दादांनी कोट परत दिला. मी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. भोक नाही! मी दादांना म्हटलं, “हा आमचा कोट नाही. तुम्ही दुसऱ्याचा देताय.” दादा हसायला लागले आणि मी आणखी भडकले. शेवटी मागून एक बारीक माणूस चष्मा कपाळावर ढकलत आला. त्याने माझं बोट धरून कोटाच्या एका जागी ठेवलं आणि म्हणाला, “इथे होतं, ताई. आतल्या दुमडीतले धागे काढून विणलंय.” बोटाला काही लागलं नाही, डोळ्यांना काही दिसलं नाही. मी दादांची माफी मागितली. दादा म्हणाले, “आमच्याकडे कामच तसं असतं.” बारीक माणूस तोवर आत गेला होता.

दादा वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं, आणि भांडण मला जमतं. पण हा माणूस धाकट्यांना सोडून कधी चहाचा घोट घ्यायचा नाही. घरी ताट आधी धाकट्यांचं वाढायला लावायचा. धाकट्यांचे शर्ट तेच आणायचे, चष्म्याची फ्रेम तेच निवडायचे, केस वाढले की न्हाव्याला तेच फोन करायचे. धाकट्यांना पंचविशीत दुसऱ्या गावी एका मोठ्या शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी चालून आली होती. दादा म्हणाले होते, “तिथे काय करणार तू एकटा?” लग्नाचंही ‘बघू, बघू’ म्हणता म्हणता राहून गेलं. कुणी ‘नको’ म्हटलं नव्हतं. नुसतं राहून गेलं.

मग त्यांची नजर कुरबुर करायला लागली. गडद निळा धागा आणि काळा धागा यांतला फरक ट्यूबखाली कळेना. दोन्ही धागे बोटांवर घ्यायचे आणि उठून रस्त्यावर यायचं, उजेडात बघायचं, परत आत. दिवसातून दहा-पंधरा वेळा. दादा काउंटरवरून म्हणायचे, “निघाली स्वारी फिरायला!” एकदा निळ्या कोटावर काळा रफू झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा रफू कुणालातरी दिसला. त्या दिवशी धाकटे माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

“दादांना सांगा ना, टेबल पुढे घेऊ द्या म्हणून,” मी म्हटलं.

“सांगितलं होतं.”

“मग?”

“त्यांनी लगेच माणूस बोलावून दुसरी ट्यूब लावली. परत सांगितलं तर तिसरी लावतील.”

माझ्या दुकानाला रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे. झेरॉक्सचं जुनं मशीन काढल्यापासून तिच्यापुढची जागा रिकामीच होती. मी पटकन बोलून गेले, “इथे बसा की. आपलं आपलं काम करा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड आहे.”

यावर ते आठ दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, झालं, घाबरले. नवव्या दिवशी दुपारी आले. दुपारी दोन ते साडेतीन दादा घरी जेवून आडवे व्हायचे, तेवढाच काय तो धाकट्यांचा स्वतःचा वेळ. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले, “ताई, जागा मिळेल. पण गिऱ्हाइक मला ओळखत नाही. दादांना ओळखतं. मी इथे बसलो तरी कोट तिकडेच जाणार.”

ते खरंच होतं. चांगला रफू म्हणजे जो दिसत नाही तो, आणि जो दिसत नाही तो कुणी केला हे कोण विचारतो? मग मीच म्हटलं, वेबसाइट करू. लोक हल्ली काहीही शोधतात, रफूवालाही शोधतील. पत्ता माझ्या खिडकीचा, नंबर तुमचा. सगळं जागेवर आलं की मग दादांना सांगायचं. तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही.

आता वेबसाइट म्हटली की आधी तिला नाव हवं, आणि आमचं घोडं तिथेच अडलं. या नावाचं एक असतं. इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, सगळं सलग, आणि जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं नसावं लागतं. ‘रफू’ कधीच गेलेलं होतं. ‘रफूवाला’ घ्यावं तर कुणी त्यात यू घालणार, कुणी डबल ओ, कुणी एफ, कुणी पीएच. दहा गिऱ्हाइकं दहा ठिकाणी जाऊन पडणार. ‘बिनजोड’ मला फार आवडलं होतं. धाकटे म्हणाले, “नको, लोकांना वाटेल पैलवान आहे,” आणि स्वतःच्या मनगटाकडे बघून हसले. ‘अदृश्य’चं स्पेलिंग मलाच तीनदा तीन वेगळं आलं.

“मग ‘रफूचक्कर’ घ्या,” मी चिडवलं.

ते हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की आपण बोलून बसलो ते अगदी खरं आहे. हा माणूस रफूचक्करच व्हायला निघालाय, फक्त शेजारच्या दुकानापर्यंत.

पाच दुपारी अशाच गेल्या. ते घरून एका वहीत नावं लिहून आणायचे, मी ती इंग्रजीत टाइप करायची, आणि एकतर नाव गेलेलं असायचं किंवा वाचून हसू यायचं. सहाव्या दिवशी मी वैतागून म्हटलं, “गिऱ्हाइक तुमच्या कामाला काय म्हणतं ते सांगा. मोठे मोठे शब्द नकोत.”

“गिऱ्हाइक?” ते म्हणाले. “बोट आरपार जाईल एवढं भोक असतं, तरी गिऱ्हाइक म्हणतं, काही नाही हो, एक टाका घालायचाय फक्त. तीस वर्षं मी एक टाकाच घालतोय.”

मी टाइप केलं: ektaka. नाव मोकळं होतं!

“मधे जागा सोडायची का?” धाकट्यांनी विचारलं.

“पत्त्यात जागा सोडता येत नाही.”

“मग मधे ती बारीकशी आडवी रेघ?”

“रेघ अजिबात नको,” मी मोठ्या रुबाबात म्हटलं. “लोक विसरतात. सरळ सलग ठेवायचं.”

या एका वाक्यासाठी आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मी हा धंदा चार वर्षं करतेय. रोज दुसऱ्यांना शिकवते, की नाव घ्यायच्या आधी चार परक्या माणसांना वाचायला द्या. पण आम्ही दोघंही त्यात ‘एक टाका’च वाचत होतो, कारण आम्हाला ते माहीत होतं. धाकट्यांनी तर स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर म्हटलं, लहान मुलासारखं. मग म्हणाले, “माझंच आहे ना हे? म्हणजे दुकानाचं नाही ना?” मी म्हटलं, तुमचंच. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

पान तयार करताना वेगळीच पंचाईत. मी म्हटलं, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो टाकू. आधीच्या फोटोत भोक होतं. नंतरच्या फोटोत नुसतं कापड. “यात काय बघायचं?” माझ्या नवऱ्याने विचारलं. शेवटी आम्ही धाकट्यांच्या हातांचा फोटो टाकला, सुईसकट. खाली माझ्या दुकानाचा पत्ता, एक तारखेपासून. पान सुरू झालं. कार्डाचं मात्र ठरत नव्हतं. खाली ‘रफूकाम’ लिहायचं की ‘कपड्यांचं बारीक काम’? तेवढी ओळ सोडून मी एक नमुना छापून दिला. मोठ्या अक्षरांत नुसतं ektaka, आणि खाली त्यांचा मोबाइल नंबर. ते म्हणाले, “दोन दिवस खिशात ठेवतो. सुचेल काहीतरी.”

दादांना सोमवारी सांगायचं ठरलं. वाक्यही ठरलं, “दादा, मी उद्यापासून शेजारी बसतो.” एवढंच. मी दादा झाले, खुर्चीत बसले, आणि त्यांना म्हणायला लावलं. पहिल्यांदा ‘दादा’च्या पुढे गाडी जाईना. दुसऱ्यांदा ‘शेजारी’पर्यंत आली. तिसऱ्यांदा म्हणाले, “ताई, तुम्ही दादांसारखं बघू नका हो.” मी भिंतीकडे तोंड करून बसले, तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं.

सोमवार उजाडायच्या आत शनिवार आला. ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात कपडा टाकीत घालण्याआधी खिसे तपासतात. दादांचा हात तर तीस वर्षं खिशांत जातोय. रुमाल, पेन, चाव्या, लोकांची प्रेमपत्रंसुद्धा निघतात म्हणे. घरचे कपडेही दुकानातच धुतले जायचे, आणि शनिवारी धाकट्यांचा शर्ट दादांच्या हातात आला.

दुपारी झोपेच्या वेळेला दादा माझ्या दुकानात उभे. हातात ते कार्ड. चेहरा उतरलेला.

“बाई, हे तुम्ही छापलंत?”

“हो.”

“म्हणजे मला जे वाटतंय ते खरं तर.” ते खुर्चीत बसले. “लग्न करायचंय का त्याला?”

“लग्न?” मला काही कळेना.

“मग हे काय आहे? नंबर दिलाय, वर लिहिलंय. पेपरात जाहिराती येतात तसल्या ना? एकट्या माणसांच्या?” त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं आणि इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, “एकटा का?”

मी कार्ड हातात घेतलं. ई, के, टी, ए, के, ए. आता मला त्यात दुसरं काही वाचताच येईना. एकटा का. मीच सलग ठेवलं होतं, मीच रेघ काढून टाकली होती.

“अहो दादा, ते ‘एक...’” म्हणून मी सुरू केलं आणि जीभ चावली. कारण ‘टाका’ म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागणार. खिडकी, नजर, पान, एक तारीख. ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी म्हटलं, “त्यांनाच विचारा.” आणि दादा उठले तशी मीही त्यांच्या मागे गेले. राहवलं नाही.

धाकटे कोटांच्या खाली वाकून बसले होते. दादांनी कार्ड त्यांच्या मांडीवरच्या कापडावर ठेवलं.

“एकटा का?” दादा म्हणाले.

धाकट्यांनी आधी दादांकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग माझ्याकडे. ते हळूहळू त्यांच्या ध्यानात येताना मी पाहिलं. ओठ हलले, नाव पुन्हा वाचत असावेत.

“घरात तीन माणसं आहोत आपण,” दादा म्हणाले. आवाज ताब्यात नव्हता त्यांचा. “तुला सोडून मी कधी जेवलो का? तुझी वहिनी तुला विचारल्याशिवाय भाजी निवडत नाही. आणि तू जगाला सांगतोस, एकटा आहे म्हणून? नंबर देऊन? मला नाही सांगावंसं वाटलं तुला? मला?” आणि हा काउंटरवरचा हसरा माणूस हुंदके द्यायला लागला, इस्त्रीच्या टाकीला टेकून, तोंडावर कुणाच्या तरी धुतलेल्या कोटाची बाही घेऊन.

मी मनातल्या मनात ओरडत होते. सांगा! आत्ताच! दादा, ते ‘एक टाका’ आहे, मी उद्यापासून शेजारी बसतो. दोन वाक्यं. सोमवारची वाट तरी कशाला? धाकट्यांनी तोंड उघडलं.

“चुकलं, दादा,” ते म्हणाले.

त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली. एवढंच नव्हे, उठून दादांना पाणी दिलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, “मी काही एकटा नाही हो. उगाच आपलं.” दादांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांच्या घरात काडी टाकली होती. एका अर्थाने ते खरंच होतं. मी तिथून निघाले. रागाने माझे कान तापले होते, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

सोमवारी मी खिडकीपाशी टेबल तयार ठेवलं होतं. कदाचित येतील, म्हणून. अकरा वाजले, बारा वाजले. मग मीच उठले. दादांच्या काउंटरवर वहिनी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आता मी सांभाळणार पुढचं. हे म्हणाले, तो दिवसभर आत एकटा असतो, आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही.”

आत गेले तर काउंटरमागची दादांची मोठी हातांची खुर्ची मागच्या खोलीत आलेली. ती दुसरीकडे मावणारच नव्हती, म्हणून दारापाशीच, तिसऱ्या फरशीवर ठेवली होती. दादा तिच्यात ऐसपैस बसून मोठ्याने पेपर वाचून दाखवत होते. दारातून येणारा सगळा उजेड त्यांच्या पाठीवर पडत होता, आणि त्यांची सावली धाकट्यांच्या हातातल्या कापडावर. धाकटे कापड कधी डावीकडे नेत होते, कधी उजवीकडे. धागा रस्त्यावर नेऊन बघायचीही आता सोय राहिली नव्हती. खुर्ची उचलल्याशिवाय बाहेर पडायला वाटच नव्हती.

दादांनी खुर्ची उचलून मला आत घेतलं आणि परत मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा मी खालच्या आवाजात म्हटलं, “अहो, त्यांना जरा सरकून बसायला तरी सांगा.”

“ते माझ्यासाठी आलेत हो, ताई,” धाकटे म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दोन्ही हात सुईत असायचे म्हणून ते फोन नेहमी टेबलावर ठेवून स्पीकरवर घ्यायचे. त्यांनी कोपराने बटण दाबलं. अनोळखी आवाज होता, घाईतला.

“हॅलो, एकटाका का?”

कुणीतरी पान बघितलं होतं. कुणाच्या तरी कोटाला भोक पडलं होतं आणि त्याने ते बरोबर वाचलं होतं. पहिलं गिऱ्हाइक, धाकट्यांचं स्वतःचं.

दादांनी पेपरातून डोळे न काढताच म्हटलं, “बघ, लागले लोक विचारायला. सांग त्यांना, एकटा नाही म्हणावं.”

धाकटे फोनकडे बघत राहिले.

“हॅलो? ऐकू येतंय का?” आवाज म्हणाला. “एकटाकाच ना हे?”

“नाही,” धाकटे म्हणाले. “राँग नंबर.”

फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. तोच नंबर. दादांनी हात लांब करून तो उचलला, बंद केला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

“तू कर काम निवांत,” ते म्हणाले. “असल्यांना मी बघतो.” आणि पुढची बातमी वाचायला लागले.